डोंगरावरच्या रेडिओला हुकूम, आणि त्याची पोच

मुरबाडहून म्हशामार्गे नारिवलीला पोचले की सिद्धगड अंगावर येतो. उंची सव्वातीन हजार फुटांच्या घरात. मागे भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूची सह्याद्रीची भिंत, जवळच गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. गावाच्या शिवारात उभे राहून हातातल्या वॉकी-टॉकीवरून कल्याणला हाक मारावी, तर बहुतेक वेळा उत्तरादाखल नुसती खरखर येते. तीच वॉकी-टॉकी माचीवर नेली की बोलू लागते. संच तोच, बॅटरी तीच, अँटेनाही तीच. बदलली ती फक्त उंची.

डोंगराळ भागात काम करणाऱ्या प्रत्येक हौशी रेडिओवाल्याच्या, म्हणजे हॅमच्या, मनात इथे एकच विचार येतो: संच वर ठेवावा आणि आपण खालून बोलावे. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. वर ठेवलेल्या संचाचे चॅनेल बदलायचे कोणी? गावातली माणसे एका चॅनेलवर, डोंगरात शोध घेणारा गट दुसऱ्यावर, तालुक्याच्या ठिकाणी बसलेला तिसऱ्यावर. एखाद्या चॅनेलवर अचानक दुसऱ्याच कोणाचे बोलणे घुसते आणि जागा बदलावी लागते. प्रत्येक वेळी बटण फिरवायला दोन-अडीच तासांची चढण चढायची, हे काही खरे नाही.

म्हणून दुरून चॅनेल बदलण्याच्या सगळ्या वाटांचा हा आढावा. तारांची वाट, सुरांची, संगणकाची, इंटरनेटची. त्यांतल्या काही मी स्वतः करून पाहिल्या आहेत. त्यातून झालेले माझे मत आधीच सांगतो. हुकूम वरपर्यंत पोचवणे आज कुणालाही जमते. हुकूम पाळला गेला याची पोच खाली आणणे, हा या विषयाचा गाभा आहे, आणि नेमके तेच आपण शेवटी आठवतो.

सरळ रेषेचे गणित

दोन मीटरच्या पट्ट्यातल्या, म्हणजे आपल्याकडे हौशी सेवेला असलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी बहुतांशी नजरेच्या रेषेत जातात. सपाट भूमीवर रेडिओचे क्षितिज काढायचे सोपे सूत्र आहे: उंचीचे मीटरमधले वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. छातीशी धरलेल्या, दीड मीटर उंचीवरच्या वॉकी-टॉकीचे क्षितिज येते जेमतेम ५ किलोमीटर. ९८० मीटर उंचीच्या माथ्यावरच्या अँटेनाचे येते सुमारे १२९ किलोमीटर. दोन्ही टोकांची बेरीज केली की माथा आणि हातातला संच यांच्यातली मर्यादा कळते.

हे गणित सपाट जगाचे आहे. सिद्धगडाच्या पश्चिमेला ते बऱ्यापैकी लागू पडते, कारण मुरबाड, शहापूर, कल्याणकडे उतरत गेलेला मुलूख समोर उघडा असतो. पूर्वेला मात्र घाटमाथ्याची भिंत आहे आणि तिच्यापलीकडचे आंबेगाव, जुन्नर सावलीत जाते. शिवाय डोंगराच्या अगदी बुडाशी असलेल्या घळी आणि वाड्या त्याच डोंगराच्या माथ्याला दिसत नाहीत. म्हणून इथे संच कुठे ठेवायचा हे ठरवणे म्हणजे कोणाला ऐकू जाईल आणि कोण बहिरे राहील हे ठरवणे. माथ्यापेक्षा माचीची कड अनेकदा अधिक उपयोगी पडते, कारण तिला पायथाही दिसतो आणि दूरचा मुलूखही.

याची निकड कशासाठी, ते वेगळे सांगायला नको. घाटमाथ्यापलीकडे, आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले. दीडशेवर माणसे गेली. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळले ते त्या वाटेने आलेल्या एसटीच्या चालकामुळे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. तिथे गाडीरस्ता नव्हता. मदतीची माणसे अंधारात, पावसात पायी चढली. अशा ठिकाणी वरचे आणि खालचे बोलणे अखंड चालू राहणे म्हणजे काय, हे सह्याद्रीत राहणाऱ्याला कळते.

स्फटिकांच्या काळापासून

दुरून चॅनेल निवडण्याची कला मायक्रोप्रोसेसरच्या आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानात रेडिओ वैमानिकाच्या हाताशी ठेवायला जागा नसे. एससीआर-५२२ हा अमेरिकी संच विमानाच्या पोटात कुठेतरी बसवलेला असे आणि वैमानिकापुढे बटणांची छोटी पेटी. १०० ते १५६ मेगाहर्ट्झमधली, आधी ठरवलेली चार चॅनेल. प्रत्येकाचा स्वतंत्र स्फटिक. बटण दाबले की पोटातल्या संचात यंत्रणा फिरे आणि हवा तो स्फटिक जोडला जाई. युद्ध संपल्यावर हे संच भंगारात निघाले आणि जगभरच्या हॅमनी ते उचलले. ८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा स्फटिक लावला की तो १८ पटीने गुणला जाऊन थेट दोन मीटरच्या पट्ट्यात येई.

दुसरी वाट आर्थर कॉलिन्स यांची. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला हा मुलगा १९२५ मध्ये पंधरा वर्षांचा असताना आपल्या हौशी संचावरून उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या मॅकमिलन मोहिमेशी बोलत होता. पुढे त्यांच्या कंपनीने 'ऑटोट्यून' नावाची यंत्रणा केली. बटण दाबले की मोटर संचाचे सगळे खुंट फिरवून आधी नेमून ठेवलेल्या जागी आणून थांबवी. हौशी माणसाने सुरू केलेले काम युद्धातल्या बॉम्बफेकी विमानांपर्यंत गेले.

आपल्याकडे त्याच काळात प्रश्न उलटा होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. हौशी रेडिओचा अनुभव असलेल्या नरिमन प्रिंटर यांनी त्याचा प्रक्षेपक जुळवला होता. प्रक्षेपण ४२.३४ मीटरवर होई. प्रकाशाचा वेग या लांबीने भागला तर येतात ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे आजच्या ४० मीटरच्या हौशी पट्ट्याचाच भाग. लहर बदलली तर श्रोते हरवणार. म्हणून तो गट जागा बदलत राहिला, या घरातून त्या घरात अख्खा संच हलवत. दिशा शोधणारी पोलिसी यंत्रे मागावर होती. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो पकडला गेला. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या.

त्याच महिन्यांत इकडे, आमच्या डोंगरात, माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, आणि त्यांचा आझाद दस्ता मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला इथे माणसे अभिवादनाला जमतात. मुंबईतला तो आवाज आणि या डोंगरातले ते रक्त एकाच लढ्याचे. सिद्धगडाच्या पायथ्याशी रेडिओ घेऊन उभा राहतो तेव्हा हे दोन्ही माझ्या मनात असते.

चार तारांची भाषा

आता पद्धतींकडे. सगळ्यांत जुनी आणि अजूनही सगळ्यांत भरवशाची पद्धत चार तारांची. गाडीत बसवायच्या अनेक व्यावसायिक संचांच्या पाठीमागे जोडणीची फळी असते आणि तिच्यातल्या काही पिना चॅनेल निवडीला देता येतात. प्रत्येक तार एक तर जमिनीला टेकलेली किंवा मोकळी. चार तारांच्या अशा सोळा अवस्था होतात, म्हणजे सोळा चॅनेल. एक तार १ ची, दुसरी २ ची, तिसरी ४ ची, चौथी ८ ची. पाचवे चॅनेल हवे तर १ आणि ४ च्या तारा ओढायच्या.

या पद्धतीचे बळ तिच्या मर्यादेत आहे. संचाच्या स्मृतीत जी सोळा चॅनेल आपण घरी बसून, शांत डोक्याने भरली, त्यांपलीकडे संच जाऊच शकत नाही. चुकून पोलिसांच्या किंवा विमानांच्या पट्ट्यात घुसण्याची भीती नाही. सिद्धगडासारख्या ठिकाणी सोळाही जास्तच होतात, चार-पाच पुरतात.

उणीव एवढीच की तारा दोन-चार मीटरच्या पुढे नेल्या की प्रक्षेपण सुरू होताच त्यांत लहरी शिरतात आणि चॅनेल आपोआप उडी मारते. प्रत्येक तारेवर संचाच्या तोंडाशीच एक छोटा धारित्र आणि फेराइटचा मणी लावला की हे बरेचसे थांबते.

सुरांची आज्ञा

तारा डोंगरावर नेता येत नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी सूर येतात. फोनच्या बटणांवर ऐकू येतात तेच दुहेरी सूर, डीटीएमएफ. प्रत्येक बटणाला दोन सूर एकदम वाजतात: एक ६९७, ७७०, ८५२ किंवा ९४१ हर्ट्झचा, दुसरा १२०९, १३३६, १४७७ किंवा १६३३ हर्ट्झचा. बहुतेक वॉकी-टॉकींच्या बटणांवर ते आधीच असतात. वरच्या संचाच्या स्पीकरला एक उलगडणारी चिप जोडायची: एमटी ८८७०. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ही चिप आणि तिला लागणारा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा स्फटिक सहज मिळतो. पाच व्होल्टवर ती चालते, वीज काही मिलिअँपिअर खाते. आणि गंमत अशी की ऐकलेल्या बटणाचे उत्तर ती चारच तारांवर देते. म्हणजे मागच्या पद्धतीतल्या चार तारा इथे जोडता येतात.

मी हे प्रथम केले तेव्हा पेटी जुळवायला एक रविवार पुरला आणि धडा शिकायला एक दिवस सिद्धगडावर गेला. संच माचीवर होता. सोबतचा मित्र त्याच्याजवळ थांबणार होता. चाचणी नीट चालली आहे असे वाटून तो बालेकिल्ल्याकडे निघाला. मी खाली नारिवलीत. तीन दाबले, तिसरे चॅनेल लागले. पाच दाबले, पाचवे लागले. मग मूळ चॅनेलवर यायला शून्य दाबले, आणि वरचा संच गप्प झाला. मी पुन्हा शून्य दाबले, एक दाबले, सगळी बटणे दाबली. शांतता. दोन तासांनी मित्र परत आला, त्याने संचाची खिडकी पाहिली आणि स्वतःच्या वॉकी-टॉकीवरून सांगितले: दहावे चॅनेल लागले आहे.

कारण साधे होते. ही चिप शून्याच्या बटणाला शून्य देत नाही, १०१० देते, म्हणजे दहा. टेलिफोनच्या जगात शून्य म्हणजे दहा टिचक्या. त्या परंपरेचा हा अवशेष. माझ्या संचाच्या दहाव्या जागी वेगळीच वारंवारता होती. तिथे गेल्यावर त्याला माझे सूर ऐकूच येत नव्हते. मी खालून ज्या चॅनेलवर ओरडत होतो, ते तो केव्हाच सोडून गेला होता. चूक माझी होती, माहितीपत्रकातला तक्ता मी पूर्ण वाचला नव्हता. पण त्या दोन तासांत मला कळले की खरी उणीव त्या तक्त्यात नव्हती. संच कुठे गेला हे खाली कळण्याची काहीच सोय मी केली नव्हती.

सुरांच्या पद्धतीला आणखी एक दुखणे आहे. माणसाच्या, विशेषतः चढ्या आवाजाच्या बोलण्यात कधी कधी असे दोन सूर योगायोगाने जमतात आणि चिप फसते. यावर दोन उपाय. चिपच्या कानावर सूर किती वेळ पडल्यावर तिने तो खरा मानायचा, हे एका रोधकाने आणि धारित्राने ठरते. रोधक वाढवला की फसगत कमी होते. आणि एका बटणावर हुकूम कधीच ठेवू नये. आधी तारका-चिन्ह (*), मग दोन अंक, मग हॅश-चिन्ह (#), असा क्रम पूर्ण झाला तरच चॅनेल हलावे. त्यासाठी चिपमागे एक छोटा मायक्रोकंट्रोलर लागतो, आणि तो लावलाच तर शून्याचे दहाही तिथेच दुरुस्त होते.

संचाची स्वतःची बोली

अलीकडच्या संचांना संगणकाशी बोलायची स्वतःची भाषा असते. आयकॉमची सीआय-व्ही एकाच तारेवर चालते. निरोपाची सुरुवात 'एफई एफई'ने, मग कोणासाठी, कोणाकडून, काय काम, आणि शेवटी 'एफडी'. वारंवारता लिहायची आज्ञा ०५, स्मृतीतले चॅनेल निवडायची ०८. येसूच्या एफटी-८१७ ला पाच बाइट पाठवावे लागतात: चारांत वारंवारता, पाचव्यात आज्ञा. '१४ ५० ०० ०० ०१' पाठवले की संच १४५.००० मेगाहर्ट्झवर जातो. केनवुडची भाषा तर वाचताही येते: 'एफए', पुढे अकरा अंकी वारंवारता, शेवटी अर्धविराम.

प्रत्येक कंपनीची बोली वेगळी असल्याने २००० साली 'हॅमलिब' हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. शेकडो संचांच्या बोली त्याने एका भाषेत आणल्या. संगणकावर त्याचा 'रिगसीटीएलडी' हा सेवक चालू ठेवला की ४५३२ क्रमांकाच्या दारावर मोठा 'एफ' आणि वारंवारता लिहून संच हलवता येतो आणि छोटा 'एफ' लिहून तो आत्ता कुठे आहे ते विचारता येते.

या पद्धतीचा मोठेपणा त्या छोट्या 'एफ'मध्ये आहे. आयकॉमचा संच आज्ञा मान्य केली तर 'एफबी' म्हणतो, नाही केली तर 'एफए'. म्हणजे पोच मिळते. चार तारांच्या पद्धतीत ही सोय नाही. तिथे मायक्रोकंट्रोलर 'मी पाचसाठीच्या तारा ओढल्या' एवढेच सांगू शकतो. संच खरेच पाचवर गेला की तार सुटली आहे, हे त्याला ठाऊक नसते. आपणच दिलेला हुकूम आपणच वाचून दाखवणे ही पोच नव्हे.

उणीव विजेची. या भाषेसाठी वर रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक ठेवला तर तो तीन-चार वॅट घेतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी एकट्या त्या संगणकानेच दिवसभरात संपते, संचाचा खर्च वेगळाच. पावसाळी ढगांत सौर पट्टीवर फार विसंबता येत नाही. साधा मायक्रोकंट्रोलरही ही बोली बोलू शकतो आणि त्याच्या दहावा हिस्सा विजेवर भागवतो. डोंगरासाठी संगणक नेऊ नये. छोटी चिप न्यावी.

इंटरनेट आणि बाजूची वाट

शहरातले हॅम आज घरच्या गच्चीवरचा संच ऑफिसातून, गावाहून, परदेशातून चालवतात. इंटरनेट असेल तर दुरून चॅनेल बदलणे हा सुटलेला प्रश्न आहे, म्हणून त्यावर इथे रेंगाळत नाही. सिद्धगडाच्या घळीत आणि दरड कोसळलेल्या रात्री तेच नेमके नसते. मोबाइलच्या एसएमएसवर चालणाऱ्या पेट्यांचेही तसेच. मनोऱ्याची वीज गेली की हुकूमही गेला.

बाजूची वाट मात्र विचार करण्यासारखी आहे. बोलण्याचा संच वेगळा आणि हुकमाचा छोटा दुवा वेगळा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या साधनांना परवान्याशिवाय खुला आहे आणि लोरा (LoRa) पद्धतीचे स्वस्त मॉड्यूल त्यात चालतात. संच कोणत्याही चॅनेलवर हरवला तरी हुकमाचा दुवा जागेवरच राहतो. माझ्या त्या दोन तासांवर हा रामबाण उपाय ठरला असता. पण हा दुवाही नजरेच्या रेषेत चालतो आणि त्याची शक्ती थोडी, हे विसरू नये.

आकाशातला संच

दुरून हुकूम देण्याची पराकाष्ठा पाहायची तर वर आकाशात पाहावे. ५ मे २००५ रोजी इस्रोने पीएसएलव्ही-सी६ वरून कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट हा छोटा उपग्रह सोडला. त्यात दोन पुनर्प्रक्षेपक होते, एक भारतीय बनावटीचा आणि एक डच विद्यार्थ्याने बनवलेला. कोणता चालू ठेवायचा ते जमिनीवरून ठरे. २०१४ पर्यंत तो चालला. मग आपल्या राज्यातली मुले पुढे आली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. जेमतेम किलोभर वजनाचा हा उपग्रह हौशी रेडिओवाल्यांचे निरोप झेलून दुसरीकडे पोचवण्यासाठी होता. आकाशातल्या संचाचे बटण फिरवायला कोणी चढून जाऊ शकत नाही. म्हणून उपग्रहाचा प्रत्येक हुकूम पोचेवर चालतो: तो आपले तापमान, विजेचा दाब, चालू-बंद अवस्था सतत सांगत राहतो. हीच शिस्त सिद्धगडाच्या माचीवर आणली पाहिजे.

नियमांची चौकट

भारतात हौशी संच चालवायला परवाना लागतो. १९७८ चे हौशी सेवेचे नियम, दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा आणि तिची परीक्षा हा त्याचा मार्ग. बारा वर्षांच्या मुलालाही ही परीक्षा देता येते. दुरून हुकूम देताना तीन गोष्टी मनात पक्क्या असाव्यात.

पहिली, संच कितीही दूर असला तरी जबाबदारी परवानाधारकाची. दुसरी, सांकेतिक लपवाछपवी चालत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीनुसार वेगवेगळ्या देशांतल्या हौशी स्थानकांमधला मजकूर अर्थ लपवण्यासाठी गुप्त करता येत नाही. सूट आहे ती हौशी उपग्रहांना जमिनीवरून दिलेल्या हुकमांना. तेच धोरण धरून माचीवरच्या संचाचा हुकूम उघडाच ठेवावा. आगंतुकाला रोखायचे तर प्रत्येक वेळी बदलणारा एकवेळ वापराचा क्रमांक हुकमासोबत द्यावा. त्याने अर्थ लपत नाही, फक्त खातरजमा होते. तिसरी, कायमचा निर्मनुष्य रिपीटर, म्हणजे ऐकलेले पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, ही वेगळी गोष्ट आहे आणि त्याला स्वतंत्र परवानगी लागते.

सिद्धगडाच्या बाबतीत चौथीही आहे. हा परिसर भीमाशंकर अभयारण्याचा भाग आहे. शेकरूच्या झाडाला अँटेना ठोकायची नाही, गडाच्या दगडाला भोक पाडायचे नाही. माझा आग्रह पाठीवरच्या पिशवीत मावणाऱ्या, सकाळी नेऊन संध्याकाळी उतरवता येणाऱ्या संचाचा आहे. खांब म्हणून बांबू पुरतो.

पोच कशी आणायची

आता गाभ्याचे. चांगल्या यंत्रणेने दोनदा पोच द्यावी. हुकूम मिळाला की जुन्या चॅनेलवरच नव्या चॅनेलचा क्रमांक मोर्समध्ये वाजवावा, म्हणजे 'निघालो'. नव्या चॅनेलवर गेल्यावर तिथे पुन्हा तोच क्रमांक आणि परवानाधारकाचे कॉलसाइन वाजवावे, म्हणजे 'पोचलो'. पहिली पोच आली आणि दुसरी नाही, तर गडबड कुठे झाली हे लगेच कळते. शक्य असेल तिथे हा क्रमांक संचालाच विचारून घ्यावा, आपल्या हुकमावरून नव्हे.

दुसरी गोष्ट घरी परतण्याची. ठरावीक वेळ, समजा दहा मिनिटे, नव्या चॅनेलवर कोणाचेही ओळखीचे सूर ऐकू आले नाहीत, तर संचाने आपण होऊन पहिल्या चॅनेलवर यावे. माझ्या पेटीत हे असते तर ते दोन तास दहा मिनिटांवर आले असते. तिसरी गोष्ट बिघाडाची. संचाच्या स्मृतीत चॅनेलांचा क्रम असा लावावा की चारही तारा मोकळ्या असताना घरचे चॅनेल लागेल. म्हणजे तार तुटली, पेटीची वीज गेली, उंदराने कुरतडले, तरी संच घरीच सापडेल. चौथी, प्रक्षेपण अडकून राहिले तर तीन मिनिटांत तोडणारा वेगळा टायमर, मायक्रोकंट्रोलरवर अवलंबून नसलेला.

ही चार कामे झाली की मग वरची कोणतीही पद्धत चालते. ती नसतील तर महागातला महाग संचही डोंगरावर हरवलेला माणूस ठरतो.

निवाडा

सगळ्या वाटा मांडून झाल्यावर सिद्धगड, गोरखगड, माहुली अशा डोंगरांसाठी माझी निवड ही: स्मृतीत मोजकी पाच-सहा चॅनेल भरलेला, गाडीत बसवायचा संच, चार तारांची निवड, त्यांच्यामागे सूर ओळखणारी चिप आणि छोटा मायक्रोकंट्रोलर, मोर्समधली दुहेरी पोच, दहा मिनिटांची घरवापसी. ज्यांच्या संचाला संगणकाशी बोलायची बोली येते त्यांनी चार तारांऐवजी ती वापरावी, कारण तिची पोच अधिक खरी. इंटरनेट शहरासाठी ठेवावे.

आणि एक विनंती. मुरबाड, शहापूर, कर्जत, आंबेगावच्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना, गिरिभ्रमण करणाऱ्या मंडळांना आणि डोंगरात शोधकार्याला जाणाऱ्या गटांना. आपल्यातल्या दोघा-चौघांनी हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. पावसाळ्याआधी एकदा, कोरड्या दिवशी, आपल्या डोंगराच्या कोणत्या कडेवरून कोणती वाडी ऐकू येते याचा नकाशा करून ठेवावा. पेटी जुळवायला एक रविवार पुरतो. पण ती नेण्याआधी शून्य दाबून पाहा, तार काढून पाहा, पेटीची वीज तोडून पाहा, आणि प्रत्येक वेळी संच घरच्या चॅनेलवर परत येतो याची खात्री झाल्यावरच डोंगर चढायला सुरुवात करा.